जुनी स्पोर्ट्स कार बघताना मालक अडवतो तेव्हा: कारणं आणि तोड

फोनवर सगळं गोड असतं. 'या ना, आरामात बघा.' प्रत्यक्ष गेल्यावर एकेक अट निघते. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावायचा नाही, लिफ्टवर चढवायची नाही, चालवायची असेल तर आधी टोकन टाका. बॉक्सटर, केमन, झेड४, मस्टँग, ऑक्टेव्हिया व्हीआरएस, पोलो जीटीआय अशा गाड्यांच्या खासगी व्यवहारात हे इतकं सर्रास होतं, की बरेच जण वैतागून एक तर चांगली गाडी सोडतात, नाहीतर अर्धवट बघून घेतात. दोन्हींत नुकसान घेणाऱ्याचं.

अडवणूक दोन कारणांनी होते. एक भीती: अनोळखी माणूस येऊन गाडी पिळेल, काहीतरी बिघडवेल, फोटो काढून निघून जाईल. दुसरं लपवणूक. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे मालकाच्या स्वभावावरून अंदाज बांधू नका. भीतीचं कारण आपणच आधी काढून टाकायचं आणि मग तोच प्रश्न परत विचारायचा. भ्यालेला माणूस इथे मोकळा होतो. त्यानंतरही 'नाही'च आलं, तर ज्या गोष्टीला नकार आहे तिथेच दुखणं आहे असं धरून चालायचं.

निघण्याआधीच अटी लिहून पाठवा

निम्मी भांडणं पार्किंगमध्ये होतात, कारण काय तपासणार हे आधी बोललेलंच नसतं. हा मेसेज आपल्या शब्दांत करून पाठवा:

'नमस्कार सर, रविवारी सकाळी साडेसातला गाडी बघायला येतो. दोघांचाही वेळ जाऊ नये म्हणून चार गोष्टी आधीच सांगतो. गाडी आदल्या रात्रीपासून बंद असू द्या, मी आल्यावर सुरू करू. स्कॅनर आणि पेंट मीटर (रंगाची जाडी मोजणारा) आणतोय. स्कॅनरने फक्त वाचणार, काही क्लिअर (पुसणं) किंवा कोडिंग (सेटिंग बदलणं) करणार नाही. गाडी पसंत पडली तर तुमच्या किंवा माझ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर बघू, खर्च माझा. चालवताना आधी तुम्ही चालवा, मग मी, तुम्ही बाजूला बसा. आरसीच्या दोन्ही बाजू आणि चालू पॉलिसीचं पहिलं पान पाठवाल का?'

ज्याला गाडी विकायचीच आहे तो यातल्या एखाद्या गोष्टीवर घासाघीस करतो, बाकीच्या मान्य करतो. 'आधी या तर खरं, मग बघू' असं उत्तर आलं तर याच चार गोष्टी एकदा फोनवर विचारा. तरी गोलमोल बोलत असेल तर पुण्याहून मुंबईला जाण्याचं डिझेल वाचवा.

आरसी दाखवत नाही, नंबर प्लेट झाकून फोटो टाकतो

नंबर सार्वजनिक ठिकाणी न टाकणं समजू शकतं. पण घरी यायचं ठरल्यावरही आरसी मिळत नसेल, तर समोरचा बहुतेक मालक नसतो. दलाल 'माझीच गाडी आहे' म्हणून बोलत असतो आणि खऱ्या मालकाला तुमच्यापासून लांब ठेवणं हाच त्याचा धंदा असतो. एक साधा प्रश्न पुरतो: 'आरसीवर नाव कोणाचं आहे आणि ट्रान्स्फरच्या फॉर्मवर सही कोण करणार?'

नंबर मिळाला की परिवहनच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत बघून घ्या. ई-चलनं वेगळी तपासायची. त्यासाठी चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे अंक लागतात, ते आरसीवर असतात.

या वर्गातल्या गाड्यांत तीन गोष्टी हमखास निघतात. पहिली, गाडी कंपनीच्या नावावर असते. मग समोर बसलेला संचालक असला तरी कंपनीच्या लेटरहेडवर सही करण्याचा अधिकार देणारा ठराव किंवा पत्र, शिक्का आणि कंपनीचा पॅन लागतो. कंपनी जीएसटी नोंदणीकृत असेल तर विक्रीचं बिल करावं लागतं. त्यावरचा जीएसटी किमतीत धरलाय की वरून येणार, हे भाव ठरवतानाच बोला. नंतर यावरूनच व्यवहार फिसकटतो.

दुसरी, नंबर बाहेरच्या राज्याचा, त्यातही पुदुच्चेरीचा. बाहेरची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी आणि कर भरणं आलं. मालक 'कोणी विचारत नाही' म्हणेल. हा कर त्या दिवशीच्या भावातून वजा करायचा आकडा आहे. आरटीओतून तो काढून आणा आणि कागदावर दाखवा.

तिसरी, खासगीरीत्या आयात केलेली गाडी. इथे बिल ऑफ एंट्री (आयात माल कस्टम्सकडे नोंदवल्याचा कागद) आणि कर भरल्याची पावती बघितल्याशिवाय पुढे बोलूच नका. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कस्टम्सने केरळात भूतानमार्गे आणलेल्या महागड्या गाड्यांवर छापे घातले, तेव्हा गाडी ज्याच्या दारात उभी होती त्याच्याच दारातून ती गेली. इथे मालकाचा नकार कुठल्याही कारणाने असो, निकाल एकच: निघून या.

पोचलो तर इंजिन गरम, इंजिन बे (बॉनेटखालची जागा) धुऊन चकाचक

'तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली.' काही जण हे खरंच चांगल्या हेतूने करतात. पण जुन्या स्पोर्ट्स कारचं निम्मं दुखणं पहिल्या वीस सेकंदांतच ऐकू येतं: चेन टेन्शनरचा (टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या भागाचा) खडखडाट, एक्झॉस्टची गळती, धूर. झेड४ ३५आयच्या एन५४ इंजिनात हाय-प्रेशर फ्युएल पंप थकला की गाडी स्टार्टर फिरवत राहते आणि उशिरा पेटते. गरम गाडीत यातलं बरंच लपतं.

बॉनेटला हात लावून वाद घालू नका, स्कॅनरवर आकडे बघा. इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि दोन तापमानं वाचा: कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी असतात. बाहेर २८ अंश असताना कूलंट ३० किंवा ३१ दाखवत असेल तर गाडी थंड आहे. ५५ दाखवत असेल तर थोड्या वेळापूर्वीच चाललेली आहे. मग शांतपणे सांगा, 'बाकी सगळं आज बघतो, स्टार्ट उद्या सकाळी परत येऊन ऐकतो.' दुसऱ्या दिवशीही गरमच मिळाली तर तिसरी फेरी मारू नका.

एक खबरदारी. बॉक्सटर, केमनसारख्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनात बरेच दिवस उभी राहिल्यावर सुरू होताना एक निळसर झोत येणं नेहमीचं आहे. तेवढ्यावरून मालकाला धारेवर धरलं तर तोच तुम्हाला अडाणी समजेल आणि पुढची प्रत्येक तपासणी अवघड करेल. झोत थांबायला हवा, एवढंच बघा.

धुतलेल्या इंजिन बेचा उपाय सोपा आहे: पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर टॉर्च घेऊन परत बघा. ऑइल फिल्टर हाउसिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅटच्या कडा, व्हॉल्व्ह कव्हरची मागची बाजू. व्हीआरएसमधल्या ईए८८८ इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या प्लॅस्टिक हाउसिंगमधून कूलंट झिरपणं नेहमीचंच. धुतल्यावर डाग जातो, झिरपणं जात नाही.

गाडी बेसमेंटमध्ये, ट्यूबलाइटखाली दाखवत असतील तर उघड्यावर आणायला सांगा. अंगावर पाणी असेल तर पुसून घ्या. ओल्या पेंटवर ओरखडे आणि रंगातला फरक दिसत नाही.

स्कॅनर लावू देत नाही

सगळ्यात जास्त खटके इथेच उडतात आणि सगळ्यात जास्त माहितीही इथेच मिळते, म्हणून जरा सविस्तर.

मालकाची भीती खोटी नसते. चुकीच्या माणसाने कोडिंगमध्ये हात घालून गाड्या बंद पाडलेल्या आहेत. म्हणून त्याला सांगा की स्क्रीन तुमच्यासमोर राहील, 'क्लिअर' दाबणार नाही, हवं तर तुम्हीच बटणं दाबा. पूर्ण रिपोर्टची पीडीएफ त्यालाही पाठवतो म्हणा; पुढच्या ग्राहकाला दाखवायला त्याला ती उपयोगी पडते. जमत असेल तर त्याच्या माहितीतल्या मेकॅनिकला त्याचा स्कॅनर घेऊन बोलवा. एवढ्यावर बहुतेक प्रामाणिक मालक तयार होतात.

साध्या ओबीडी (गाडीच्या निदान-सॉकेटला जोडून चालणाऱ्या) अ‍ॅपवरही बघता येणाऱ्या गोष्टी आधी बघा. फॉल्ट कोड नाहीत याला फारसा अर्थ नाही, कारण ते काल रात्री पुसलेले असू शकतात. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने आपल्या भागांची स्वतः केलेली तपासणी पूर्ण झाली का हे सांगणाऱ्या नोंदी, बघा. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर, इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) हे मॉनिटर 'अपूर्ण' होतात आणि नेहमीच्या चालण्यातून हळूहळू पूर्ण होतात. बहुतेक गाड्यांत कोड पुसल्यापासूनचं अंतर आणि त्यानंतर इंजिन किती वेळा गरम झालं हेही मिळतं. 'कोड नाहीत, पुसल्यापासून अंतर ६ किलोमीटर' असं दिसलं तर तुमच्या येण्याची तयारी झालेली आहे.

मालक म्हणेल, बॅटरी बदलली. शक्य आहे, अशा गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात आणि बॅटऱ्या बसतात. बॅटरीवरची तारीख आणि बिल बघा. खरंच नवी असेल तर त्याला आठवडाभर गाडी वापरू द्या, शहरात आणि हायवेवर मिळून दीडदोनशे किलोमीटर होऊ द्या, मग परत वाचा. मॉनिटर तरीही पूर्ण होत नसतील तर कॅटॅलिस्ट काढून त्याजागी मोकळा पाइप (डाउनपाइप) टाकलेला असणं किंवा सेन्सर बाद असणं, हे पहिले संशय.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं खास साधन लावलं तर आणखी कळतं. जुन्या फॉल्टच्या नोंदीत तो आला तेव्हाचे किलोमीटरही साठवलेले असतात. मीटरवर ४१,००० आणि गिअरबॉक्सच्या एखाद्या नोंदीत ६८,००० दिसले, तर मीटर फिरवलेलं आहे. पुढे चर्चेला काही उरत नाही.

पोर्शेमध्ये इंजिन किती तास चाललं हे कंट्रोल युनिट सांगतं. किलोमीटरला तासांनी भागा. ४०,००० किलोमीटर आणि १,६०० तास म्हणजे सरासरी ताशी २५. मुंबई-पुण्यात वापरलेल्या गाडीला हे पटतं. ३५,००० आणि ३,००० तास म्हणजे ताशी बारासुद्धा नाही, तेव्हा प्रश्न विचारायलाच हवा. मॅन्युअल गाडीत ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याच्या, नोंदीही बघा; २००९ पासूनच्या गाड्यांत त्या सहा पायऱ्यांत असतात. खालच्या पायऱ्या लिमिटरपर्यंत (इंजिनाचा वेग जिथे आपोआप अडवला जातो तिथपर्यंत) खेचल्याने भरतात, त्यांचा बाऊ करू नका. वरच्या तीन पायऱ्या लिमिटर ओलांडूनच भरतात, आणि त्याचं नेहमीचं कारण एकच: चुकून खालचा गिअर पडला. ती घटना कितव्या तासाला झाली हेही दिसतं. त्यानंतर गाडी शेकडो तास नीट चालली असेल तर एक गोष्ट, गेल्या वीस तासांतली असेल तर वेगळी.

रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली) गाडी 'पूर्ण स्टॉक' म्हणून दाखवतात, तेव्हाही स्कॅनरला नकार येतो. अशा मालकाला दरडावून उपयोग नाही. 'ट्यून असेल तरी मला चालेल, कोणती फाइल आणि कधी केली एवढं सांगा' असं विचारलं की बरेच जण खरं बोलतात. मग ती गोष्ट भावात आणि क्लच-गिअरबॉक्सच्या तपासणीत धरता येतो.

चालवू देत नाही, किंवा फक्त सोसायटीभोवती एक चक्कर

इथे मालकाची बाजू समजून घ्या. तुम्ही गाडी ठोकली तर त्याच्या पॉलिसीतून दावा जाणार. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीत सक्तीची वजावट २,००० रुपयेच आहे, पण पाच वर्षं सांभाळलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) जातो, तो खरा फटका. म्हणून लायसन्स आधी दाखवा, विमा आणि पीयूसी चालू आहे का बघा, आणि 'माझ्या हातून काही झालं तर वजावट आणि बोनसचं नुकसान मी भरेन' हे मेसेजमध्ये लिहून द्या. पेट्रोल तुमचं. लाँच कंट्रोल, लिमिटर, ट्रॅक्शन बंद करणं यातलं काही करणार नाही असं आपणहून सांगा आणि पाळा.

आधी पाच किलोमीटर त्याला चालवू द्या. तो थंड इंजिनवर जोरात खेचतो का, खड्डा कसा घेतो, यावरून गाडीने आजवर काय सोसलंय ते कळतं. मग तुम्ही किमान दहा-पंधरा किलोमीटर. कूलंटचा काटा पटकन मधे येतो. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि गिअरबॉक्सची कुरकुर बहुतेक वेळा त्यानंतरच सुरू होते. सोसायटीभोवतीच्या चकरेला म्हणूनच किंमत नाही.

डीएसजी (फोक्सवॅगन गटाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर ट्रॅफिकमध्ये ब्रेक हलका सोडून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगवा. थरथर जाणवायला नको. डी मधून आर टाकल्यावर गाडी लगेच ओढायला हवी. पोलो जीटीआयमध्ये सात गिअरचा ड्राय क्लच डीक्यू२०० आहे, त्यात मेकॅट्रॉनिकची (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटची) दुखणी नेहमीची. व्हीआरएस २३० मध्ये सहा गिअरचा वेट क्लच डीक्यू२५०. त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवं, आणि त्याचं बिल हवं. मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरला ताशी पन्नासवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम वर जाऊन वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय.

गाडी ड्रायव्हर किंवा मॅनेजर दाखवत असेल तर 'साहेबांनी चालवायला द्यायची नाही सांगितलंय' हे उत्तर येणारच. त्या बिचाऱ्याशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. मालकाला तिथूनच फोन लावा. मालक स्वतः असेल तेव्हाची वेळ मागा.

उघड्या छताच्या गाडीत छप्पर दोनदा पूर्ण उघडून मिटवायला लावा. 'पावसाळ्यात उघडत नाही मी' हे उत्तर ऐकून सोडू नका. झेड४ ई८५ मध्ये पाण्याची वाट तुंबली की छपराचा हायड्रॉलिक पंप पाण्यात बुडून जळतो. आपल्याकडच्या पावसात हे अगदीच ओळखीचं. सीटखालचा गालिचा दाबून ओल बघा.

'फक्त एक टच-अप आहे'

मूळ पेंट साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. २०० च्या वर गेला तर तो पॅनल पुन्हा रंगवलेला, ४०० च्या वर गेला तर खाली पुट्टी. एका पॅनलवर पाच-सहा ठिकाणी वाचा. दार पूर्ण ठीक आणि खालची कड ६०० असंही होतं. स्वस्त मीटर फक्त लोखंडावर चालतो. मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, तिथे दोन्ही धातू वाचणारा मीटर लागतो. बंपर प्लॅस्टिकचे, त्यांवर आकडा येणारच नाही.

ठोकलेली गाडी ओळखायला पॉलिसीचं पहिलं पान फार कामाचं, आणि त्याकडे कोणी बघत नाही. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. पहिला मालक, गाडी सहा वर्षांची, विमा एकदाही खंडित नाही आणि बोनस शून्य, तर गेल्या वर्षी दावा झालाय. २५ टक्के असेल तर दोन वर्षं दाव्याविना गेली, त्याआधी दावा होता. मालक बदलला की बोनस नव्याने सुरू होतो आणि काही पॉलिसींत बोनस राखणारं कलम घेतलेलं असतं, हे लक्षात घेऊन बोला. 'दावा कशाचा होता, बिल आहे का?' एवढाच प्रश्न. काच फुटली असेल तर तो लगेच सांगेल.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाचा पट्टा म्हणजे गाडी पुरात होती. बेल्टच्या लेबलवरची तारीख गाडीच्या उत्पादन वर्षापेक्षा नंतरची असेल तर बेल्ट बदललाय, बहुधा एअरबॅगसोबत. इग्निशन देताना एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. अजिबात न लागणं हे लागून राहण्याइतकंच वाईट.

सर्व्हिस हिस्ट्री 'सेंटरवाले देत नाहीत' असं सांगितलं जातं. अनोळखी माणसाला देत नाहीत, मालकाने नोंदणीकृत मेलवरून मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते. मेल तुमच्यासमोर पाठवायला सांगा.

लिफ्टला नकार

खालून बघितल्याशिवाय कमी उंचीची गाडी घेऊ नये. आपल्या स्पीड ब्रेकरवर अंडरट्रे, सम्प (इंजिनखालची ऑइलची टाकी) आणि जॅक लावायच्या जागा घासतात. 'अधिकृत सेंटर उगाच लांबलचक यादी काढतं' ही मालकाची तक्रार रास्त आहे, म्हणून स्वतंत्र गॅरेज सुचवा. काम तासाभराचं, मालक सोबत, कुठलाही नट सैल करायचा नाही.

सम्पवर ताजं सीलंट, सबफ्रेमच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, एका बाजूचे आर्म नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने, हे शोधा. ब्रेक डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, व्हर्निअर कॅलिपरने मोजा. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत टायर झिजायच्या आधी कडक होतात, आणि 'टायर ऐंशी टक्के आहेत' या वाक्याने बरेच जण फसतात.

२००८ पर्यंतच्या बॉक्सटर-केमनसाठी एक जादा अट घाला: बोअरस्कोप, म्हणजे सिलिंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा. त्या एम९६-एम९७ इंजिनांत आयएमएस (मधल्या शाफ्टचं) बेअरिंग निकामी होणं आणि सिलिंडर ओरखडले जाणं ही दोन दुखणी आहेत. बोअरस्कोपने सिलिंडर दिसतात. बेअरिंग तपासायला ऑइल फिल्टर काढून त्यात धातूचा चुरा आहे का बघतात. गरम झाल्यावर टकटक, ऑइल पिणं आणि एकाच टेलपाइपला काजळी, ही सिलिंडर ओरखडल्याची लक्षणं. यासाठी मालकाचा नकार भीतीपोटीही असू शकतो, कारण प्लग काढावे लागतात. स्पेशालिस्टकडेच करू, नवे प्लग माझ्या खर्चाने टाकू, असं सुचवून बघा. तरी नाही म्हणाला तर २००९ नंतरची गाडी शोधा. त्या इंजिनात आयएमएस शाफ्टच नाही.

घाई, टोकन आणि रोख

'संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.' 'अशी परत मिळणार नाही.' दुर्मीळपणा खरा असतो: व्हीआरएस २४५ च्या २०२० मध्ये भारतात फक्त २०० गाड्या आल्या, पोलो जीटीआयच्या ९९. पण तपासणी न करता घ्यायला हे कारण पुरत नाही. टोकन द्यायचंच असेल तर लहान, बँकेतून, आरसीवरच्या नावाच्या खात्यातच, आणि सोबत मेसेज: 'टोकन अमुक रुपये, तपासणी अमुक तारखेपर्यंत, त्यात मीटर, अपघात, कर्ज किंवा इंजिन-गिअरबॉक्सचा दोष निघाला तर पूर्ण परत.' समोरच्याने 'ओके' लिहिल्याशिवाय पैसे सोडू नका.

अर्धी रक्कम रोख मागतात. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, बसतो. हे त्याला त्याच्या फायद्याची गोष्ट म्हणून सांगा, आवाज न चढवता.

कर्जाचा बोजा असेल तर बाकी रक्कम थेट बँकेच्या कर्ज खात्यात भरा, मालकाच्या हातात नको. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) मिळेपर्यंत व्यवहार अर्धाच असतो.

पैसे दिल्यावर फोन उचलत नाही

हा त्रास टाळायचा तर गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशीच एकत्र बसून मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि वाहन पोर्टलवर अर्ज भरा. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो नंबर अनेकदा कंपनीच्या जुन्या अकाउंटंटचा किंवा शोरूमच्या माणसाचा निघतो. नंबर आधीच अद्ययावत करून घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्जही १४ दिवसांत द्या. थर्ड पार्टी आपोआप येते, तुमच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण येत नाही.

डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ आणि मीटरचा आकडा लिहा, म्हणजे त्याआधीची चलनं कोणाची हा वाद उरत नाही. दुसरी चावी, व्हील-लॉकचं सॉकेट, छप्पर हाताने मिटवायची चावी आणि सर्व्हिस बुक हातात घेऊनच शेवटचा हप्ता सोडा. 'घरी सापडली की पाठवतो' असं म्हणाला, तर कोडिंगसह नव्या चावीचं कोटेशन सेंटरमधून तिथल्या तिथे मागवा आणि तेवढी रक्कम चावी मिळेपर्यंत राखून ठेवा.